तिरप्या अक्षराचा धनी कोण?

लग्नाची पत्रिका हाती आली म्हणजे आपण आधी मुहूर्त पाहतो, मग कार्यालयाचा पत्ता पाहतो, आणि शेवटी निमंत्रकांच्या यादीत ओळखीचे कोण आहे ते पाहतो. ज्या नाजूक, वळणदार, हाताने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या अक्षरांत तो सारा मजकूर छापलेला असतो, त्या अक्षरांकडे सहसा कोणी पाहत नाही. खरोखरचे हस्ताक्षर असते तर 'हे कोणाचे?' असे आपण लगेच विचारले असते. छापील अक्षर मात्र कोणाचेच नाही, ते छापखान्यातून आपोआप येते, अशी आपली समजूत असते. हस्ताक्षरासारखे दिसणारे छापील अक्षर ही त्या दृष्टीने मोठी फसवी वस्तू आहे. तिच्यात हात दिसतो, पण त्या हाताचा माणूस दिसत नाही.

हा माणूस कोण, आणि त्याने घडविलेल्या अक्षरावर हक्क कोणाचा, हा तंटा पाचशे वर्षांपूर्वी इटलीत, व्हेनिस शहरात उभा राहिला. त्या तंट्याची हकीकत येथे सांगावयाची आहे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. त्यामुळे इतिहास वाचताना राजाने देऊळ बांधले हे वाक्य आले की पाथरवटाला काय मिळाले, हा प्रश्न आमच्या मनात आधी येतो. आमची ही दृष्टी वाचकांनी प्रथमच ध्यानात घ्यावी, म्हणजे पुढील विवेचन कोणत्या बाजूने केले आहे याविषयी संशय राहणार नाही.

आरंभी थोडा अक्षरांचा विचार करू. आपल्याकडे मराठी लिहिण्याच्या दोन रीती होत्या हे सर्वांना ठाऊक आहे. पोथी लिहावयाची तर बाळबोध, आणि हिशेब, पत्रव्यवहार, दप्तर ठेवावयाचे तर मोडी. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरामागून अक्षर लिहीत जाई. वेग हा मोडीचा प्राण. नेमका हाच प्रकार पंधराव्या शतकातील इटलीत होता. तेथील विद्वानांनी जुन्या हस्तलिखितांवरून एक सरळ, सुटे, स्वच्छ अक्षर उचलले होते. ती त्यांची बाळबोध म्हणावी. पण ग्रंथ भराभर उतरून घ्यावयाचे तर ते वळण संथ पडे. तेव्हा १४२० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथील निक्कोलो निक्कोली या ग्रंथप्रेमी गृहस्थाने त्याचेच एक जलद, किंचित उजवीकडे कललेले, एकमेकांस जोडलेले वळण वापरण्यास सुरुवात केली. पुढे ते विद्वानांच्या टिपणवह्यांत रुळले, पोपच्या दप्तरातही शिरले. ज्याला हे अक्षर येते तो शिकलेला, दरबारात वावरलेला, अशी त्याची प्रतिष्ठा झाली.

याच शतकाच्या मध्यास जर्मनीत गुटेनबर्गने खिळ्यांनी छापण्याची कला सिद्ध केली. १४७० साली निकोला जेन्सन याने व्हेनिसमध्ये सरळ रोमन अक्षराचे उत्कृष्ट खिळे पाडले. तथापि ते लपेटीचे, जोडलेले हस्ताक्षर काही शिशात उतरले नव्हते. त्याला कारण होते, आणि ते समजण्यासाठी खिळा कसा तयार होत असे ते पाहिले पाहिजे.

प्रथम पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. याला पंच म्हणतात. कानशीने, टोचणीने, केसाएवढा भाग काढीत काढीत हा पंच पुरा करावयाचा, धुराच्या काजळीत धरून कागदावर उमटवून पाहावयाचा, पुन्हा घासावयाचा. मनासारखा झाला म्हणजे तापवून, विझवून कडक करावयाचा, आणि हातोड्याने तांब्याच्या तुकड्यात ठोकावयाचा. तांब्यात अक्षर सुलटे उमटते. तो तुकडा साच्याच्या तळाशी बसवून वरून शिसे, कथील व अँटिमनी यांचा रस ओतला की खिळा तयार. एकदा पंच आणि तांब्याचा ठसा हाती आला की साधा ओतारी शेकड्यांनी खिळे पाडू शकतो. म्हणजे साऱ्या छापखान्याची अक्कल त्या पोलादी टोकावर एकवटलेली असते. हे काम बहुधा सोनारकाम शिकलेली माणसे करीत.

आता अडचण अशी की खिळा हा चौकोनी असतो. सरळ अक्षर चौकोनात मावते. कललेल्या अक्षराचे डोके आणि शेपूट चौकोनाबाहेर लोंबू लागतात, आणि असा लोंबणारा शिशाचा भाग दाबाखाली मोडतो. शिवाय लिहिणाऱ्याचा हात एका अक्षरातून दुसऱ्यात सहज जातो. खिळे मात्र सुटे असतात. वळणात ओघ आणावयाचा तर अक्षरांच्या जोड्याच एका खिळ्यावर कोराव्या लागतात. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जोडाक्षरांपायी आपल्या छापखान्यांतील केसांना किती घरे करावी लागत ते आपण जाणतोच. तात्पर्य, जे लिहिताना सर्वांत सोपे, ते छापताना सर्वांत कठीण. नाजूकपणा स्वस्तात मिळत नाही.

ही कठीण गोष्ट ज्याने प्रथम साधली तो फ्रान्चेस्को ग्रिफो, बोलोन्या शहरच्या एका सोनाराचा मुलगा. आणि ज्याच्यासाठी साधली तो आल्डस मॅन्युशियस, व्हेनिसचा जगप्रसिद्ध प्रकाशक. आल्डस हा मूळचा मास्तर. कार्पी येथील राजपुत्राचा तो शिक्षक होता. ग्रीक विद्या छापून जतन करावी या ध्यासाने तो १४९० च्या सुमारास व्हेनिसला आला. भांडवल त्याचे नव्हते. पैसा आंद्रेआ तोरेझानी हा मुद्रक आणि बार्बारिगो घराण्यातील एक धनिक यांचा. १४९५ ते १४९८ या काळात त्याने ॲरिस्टॉटलचे ग्रीक ग्रंथ पाच खंडांत छापले. या छापखान्याची ग्रीक अक्षरे ग्रिफोने कोरली, आणि १४९६ साली पिएत्रो बेम्बोच्या एका लहानशा लॅटिन पुस्तकासाठी वापरलेले सरळ रोमन अक्षरही त्यानेच कोरले. ते इतके सुबक होते की विसाव्या शतकात त्याची पुन्हा घडण करण्यात आली. १९२९ साली मोनोटाइप कंपनीने ते बाजारात आणले तेव्हा नाव दिले 'बेम्बो'. म्हणजे ग्रंथकाराचे नाव अक्षराला मिळाले, अक्षरकाराचे नाही.

इ. स. १५०० मध्ये सिएनाच्या संत कॅथेरीनची पत्रे आल्डसने छापली. त्यातील एका चित्रात मोजकेच शब्द नव्या तिरप्या अक्षरात आहेत. ती चाचणी होती. एप्रिल १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्यांचे संपूर्ण पुस्तक त्या अक्षरात बाहेर पडले. हातात मावेल, खिशात घालता येईल असा त्याचा आकार. टीका-टिप्पणीचा भार नाही. आणि पान उघडताच जणू एखाद्या विद्वान मित्राने आपल्यासाठी उतरून काढलेली प्रत हाती आली आहे असा भास. कागद वाचावा म्हणून हे अक्षर काढले असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. काटकसर हाच हेतू असता तर साठाहून अधिक जोडअक्षरे कोरण्याचा खटाटोप कोणी केला नसता. हेतू हस्ताक्षराची प्रतिष्ठा छापील पुस्तकाला आणून देण्याचा होता. ग्रिफोने अक्षरांना कल बेताचाच ठेवला, मोठी अक्षरे तर सरळच उभी आणि ठेंगणी ठेवली, आणि जोडअक्षरांच्या साह्याने ओघ साधला. आज ज्याला आपण 'इटालिक' म्हणतो त्याचा हा जन्म.

आता तंट्याकडे येऊ. या व्हर्जिलच्या आरंभी आल्डसने तीन ओळींचे लॅटिन पद्य घातले आहे, आणि त्यात बोलोन्याच्या फ्रान्चेस्कोच्या कुशल हातांची स्तुती केली आहे. त्या काळी कोणता प्रकाशक आपल्या कारागिराचे नाव पुस्तकात छापीत होता? आल्डसच्या पदरात हे पुण्य अवश्य घातले पाहिजे. परंतु पद्य लिहिण्याच्या सुमारासच त्याने आणखी एक गोष्ट केली. व्हेनिसच्या सरकारकडे अर्ज करून या तिरप्या अक्षरात पुस्तके छापण्याचा दहा वर्षांचा मक्ता त्याने आपल्या नावावर मिळविला. १५०२ साली व्हेनिसच्या सीनेटने आणि पोप सहावा अलेक्झांडर याने त्यावर आणखी शिक्कामोर्तब केले. दुसऱ्या कोणी असे अक्षर वापरले तर दंड.

याचा अर्थ ग्रिफोच्या बाजूने लावून पाहा. त्याची कमाई पंच कोरण्याची. एक अक्षर कोरून दिले, त्याचे पैसे घेतले; उद्या दुसरा छापखाना आला तर त्यालाही कोरून द्यावे, हाच त्याच्या धंद्याचा मार्ग. मक्ता झाला आणि त्याच्याच बोटांतून उतरलेले अक्षर व्हेनिसच्या राज्यात दुसऱ्या कोणासाठी कोरण्याची वाट बंद झाली. पद्यात त्याचे नाव होते, सनदेत नव्हते.

मक्ता मोडणारे दुसरीकडे उभे राहिलेच. फ्रान्समधील लियों शहरच्या मुद्रकांनी त्याच आकाराची, तशाच अक्षराची पुस्तके काढून विकण्यास सुरुवात केली. आल्डस चिडला. १६ मार्च १५०३ रोजी त्याने एक जाहीर पत्रक छापले. त्यात लियोंच्या प्रतींतील चुका पुस्तकवार दाखविल्या, त्यांच्या कागदाला घाण येते असे सांगितले, आणि एक मार्मिक खूण दिली: लियोंच्या अक्षरांत व्यंजने स्वरांना जोडलेली नाहीत, आमच्या अक्षरांत बहुतेक सर्व एकमेकांना जोडलेली आहेत आणि ती हाताने लिहिल्याचा आभास निर्माण करतात. अस्सल माल ओळखण्याची खूण म्हणून आल्डसने जी गोष्ट पुढे केली ती ग्रिफोची करामत होती, हे येथे विसरून चालणार नाही. लियोंवाल्यांनी काय करावे? ते पत्रक समोर ठेवून त्यांनी आपल्या पुढच्या आवृत्तीतील चुका दुरुस्त करून घेतल्या!

ग्रिफो तोपर्यंत व्हेनिस सोडून गेला होता. एड्रियाटिक समुद्राकाठच्या फानो गावी गेर्शोम सोन्चिनो हा ज्यू मुद्रक होता, त्याच्यासाठी त्याने नवे तिरपे अक्षर कोरले. १५०३ साली सोन्चिनोने पेत्रार्कची काव्ये छापली आणि अर्पणपत्रिकेत, सेझारे बोर्जियासारख्या बलाढ्य सरदाराला उद्देशून, स्वच्छ लिहिले की आल्डसने आजवर जी जी अक्षरे वापरली ती सर्व या फ्रान्चेस्कोने कोरलेली आहेत, आणि काही लोक परक्याची पिसे लावून मिरवीत आहेत. सोन्चिनोचाही यात व्यापार होता हे उघड आहे. नव्या कारागिराची जाहिरात त्याला हवीच होती. पण त्याने सांगितलेली गोष्ट खरी होती.

पुढे १५१६ साली ग्रिफोने बोलोन्यात स्वतःचा छापखाना काढला आणि अगदी चिमुकल्या आकाराची काही पुस्तके स्वतः कोरलेल्या इवल्याशा तिरप्या अक्षरात छापली. तेथील प्रस्तावनेत त्याने आपली व्यथा मांडली आहे: आपण आल्डससाठी ग्रीक व लॅटिन अक्षरे घडविली, त्यांवर आल्डसने मोठी संपत्ती तर मिळविलीच, शिवाय पुढच्या पिढ्यांत अमर नावही मिळविले. आल्डस आदल्या वर्षीच वारला होता. त्याच्या शवाभोवती त्याने छापलेली पुस्तके रचून ठेवण्यात आली होती. ग्रिफोचा शेवट मात्र दुःखद झाला. भांडणात लोखंडी कांब डोक्यात घालून जावयाचा जीव घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला, आणि १५१८ नंतर कागदपत्रांतून तो दिसेनासा होतो.

त्यानंतर तो इतका विसरला गेला की 'बोलोन्याचा फ्रान्चेस्को' म्हणजे कोण हे सांगणे विद्वानांनाही जमेना. १८५८ साली ब्रिटिश म्युझियमचे प्रमुख ग्रंथपाल पानित्सी यांनी याच प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली आणि तो म्हणजे बोलोन्याचा प्रसिद्ध चित्रकार फ्रान्चेस्को फ्रान्चा, असा निर्णय दिला. एवढी सुंदर अक्षरे कोणी नामांकित कलावंतच काढणार, सोनाराच्या पोराचे ते काम नव्हे, हे त्यामागचे न बोललेले गृहीत आहे असे आम्हाला वाटते. त्या शतकाच्या अखेरीपर्यंत दप्तरांतील कागद पुढे आले आणि कारागिराला त्याचे नाव परत मिळाले. मधे जवळजवळ चारशे वर्षे गेली होती.

आल्डसवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही मांडतो. धोका त्याने आणि त्याच्या भागीदारांनी पत्करला. ग्रंथांची निवड, पाठांची शुद्धी, लहान आकाराची कल्पना ही त्याची विद्या होती. मूळ वळण तर ग्रिफोचेही नव्हते. ते लेखनिकांच्या तीन पिढ्यांनी घासूनपुसून तयार केले होते. मग एकट्या ग्रिफोला धनी म्हणावे काय? आमचे उत्तर असे की एकटा धनी कोणीच नव्हता, आणि म्हणूनच सनद एकट्याच्या नावावर होणे गैर होते. चार जणांनी मिळून केलेल्या कामाची चार जणांनी वाटणी ठरवावी, हे सांगण्यास मोठे तत्त्वज्ञान लागत नाही.

याहून वेगळे घडू शकत होते, हे पुढल्याच एका उदाहरणावरून दिसते. रोबेर ग्रांजों हा फ्रेंच पंच कोरणारा. १५५७ साली त्याने लियोंमध्ये फ्रेंच लोकांच्या रोजच्या लपेटीच्या हस्ताक्षराचे खिळे तयार केले. इतर राष्ट्रांना आपापले अक्षर आहे, मग फ्रेंचांना का नसावे, असा त्याचा अभिमानाचा सवाल होता. मुलांना शिष्टाचार शिकविणारी पुस्तके या अक्षरात छापली गेल्यामुळे पुढे त्याला 'सिव्हिलिते' म्हणजे सभ्यतेचे अक्षर असे नाव पडले. ग्रांजों स्वतः कोरीत असे आणि स्वतः छापीतही असे. फ्रान्सच्या राजाकडून दहा वर्षांची सनद त्याने स्वतःच्या नावाने घेतली. हातोडा आणि सनद एकाच हातात आली तर काय फरक पडतो, ते पाहावयाचे असेल तर ग्रिफो आणि ग्रांजों यांना शेजारी शेजारी उभे करावे. अर्थात दहा वर्षांनी तीही सनद संपली, आणि नक्कल तर त्याआधीच सुरू झाली होती.

शिशाचे युग सरले तरी प्रश्न सरला नाही. कललेले, केसासारख्या रेघेने जोडलेले इंग्रजी वळण धातूत बसविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फिर्मां दिदो याला एकमेकांत अडकणारे खास खिळे करावे लागले होते. विसाव्या शतकात अक्षरे प्रकाशचित्राने जुळविण्याची यंत्रे आली, आणि चौकोनी खिळ्याचे बंधनच तुटले. १९६६ साली मॅथ्यू कार्टर यांनी चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनगुरूच्या वळणावरून 'स्नेल राउंडहँड' हे जोडलेले नाजूक अक्षर लिनोटाइप कंपनीसाठी केले. धातूत जे जिवावर येई ते फिल्मवर सहज झाले.

परंतु ज्या यंत्राने अक्षर मोकळे केले त्यानेच जुळाऱ्यांचे हात रिकामे केले. न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांच्या संघटनेने १९७४ साली वृत्तपत्रांच्या मालकांशी करार केला. नवी यंत्रे येऊ देऊ, पण आज कामावर असलेल्यांची नोकरी आयुष्यभर पक्की. तो धंदा त्यामुळे वाचला नाही, माणसे वाचली. आपल्याकडच्या कित्येक छापखान्यांत केसा भंगारात गेल्या तेव्हा जुळाऱ्याच्या हाती असा कागद नव्हता. अमेरिकेतच १९७८ साली एका अपील न्यायालयाने टाईपाच्या आकाराला कॉपीराइट नाकारला. आज तेथे अक्षर दाखविणाऱ्या संगणकी आज्ञावलीला संरक्षण आहे, अक्षराच्या रूपाला कॉपीराइट नाही. ग्रिफोचा प्रश्न असा आजही अर्धाच सुटलेला आहे.

आपल्या घरची गोष्ट फारशी निराळी नाही. मोडीचे खिळे प्रथम बंगालमधील श्रीरामपूरला झाले. केरीसाहेबांचा मराठी शब्दकोश १८१० साली तेथे मोडीत छापला गेला. केरीचे नाव प्रत्येक शाळकरी मुलाला सांगतात. तेथील अक्षरओतणीचा पाया घालणारा पंचानन कर्मकार आणि ती पुढे चालविणारा त्याचा जावई मनोहर यांची नावे किती जण सांगतील? मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची सुंदर अक्षरे साऱ्या हिंदुस्थानात वाखाणली गेली. जावजी दादाजींचे नाव, आणि ते योग्यच आहे, मोठ्या आदराने घेतले जाते. पंच कोरणाऱ्या राणोजी रावजी आरू यांचे नाव जाणकारांपलीकडे गेले नाही.

आज एखादे हस्ताक्षरी अक्षर तयार होते ते संगणकावर. एक जण कागदावर बोरूने वळणे काढतो, दुसरा ती पडद्यावर गिरवून घेतो, तिसरा कोणत्या अक्षरापुढे कोणते आले म्हणजे कोणते रूप घ्यावे याचे नियम लिहितो, आणि विकणारा चौथाच असतो. बहुतेक तरुण ठोक रकमेवर काम करून मोकळे होतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे की काम हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: आपले नाव कोठे येणार, आज किती मिळणार, आणि पुढे विक्री वाढली तर त्यातील वाटा किती. एकट्याने मागून मिळत नसेल तर चौघांनी मिळून मागावे. ग्रिफोला स्तुतीच्या तीन ओळी मिळाल्या, आणि त्या आजही वाचता येतात. त्याला खरी गरज होती ती सनदेतील एका ओळीची.